राखेची मूठ

मी मुठीचं गाडगं बोलतोय. आधीच सांगून ठेवतो, मी रागावलेलो आहे. जुनी भांडी बोलायला लागली की फार मऊ बोलतात, ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आणतात आणि शेवटी सगळ्यांना माफ करून मोकळी होतात. माझ्याकडून तसली अपेक्षा ठेवू नका. माझ्या पोटात एका बाईनं चाळीसेक वर्षं रोज थोडा थोडा राग आणून टाकला आहे. तो कुठं जाणार? माझ्याच मातीत मुरला.

जन्मापासूनच माझं डोकं तापलेलं. करमाडजवळच्या एका कुंभारानं मला घडवलं. हात चांगला होता त्याचा, पण धीर नव्हता. बाजाराचा दिवस गाठायचा म्हणून भांडी भाजायचा आवा पुरता निवायच्या आतच त्यानं तो उकरला. गार वारा आत शिरला आणि माझी निम्मी भावंडं तडातडा तडकली. मी वाचलो, पण कुशीला तळहाताएवढा काळा डाग राहिला. थांबला असता जरा, तर काय बिघडलं असतं? तेव्हापासून घाई करणाऱ्या माणसाचा मला तिटकारा आहे, आणि पुढं आयुष्यभर माझी गाठ तसल्याच माणसांशी पडत गेली.

बाजारात मला दगडाबाईनं उचललं. नवी नवरी, अंगानं काटकुळी, पण जीभ अशी की सासरचे लोक सहसा तिच्या वाटेला जात नसत. डागावरून तिनं कुंभाराला इतकं झापलं की कटकट नको म्हणून त्यानं मला जवळजवळ फुकटात देऊन टाकलं. शेंद्र्याच्या अलीकडं तिचं गाव. तिथं चुलीशेजारच्या कोनाड्यात मला बसवलं आणि माझ्यात मीठ भरलं. मिठाचं गाडगं म्हणून मी सुखात होतो. कुणी माझ्याकडं ढुंकून बघत नव्हतं.

ते सुख शांतवन मास्तरांनी घालवलं. ख्रिस्ती मंडळीचे प्रचारक होते ते, गावोगाव सायकलवरून फिरायचे. फार हळू माणूस. सायकल अशी चालवायचे की शेजारून बैलगाडी पुढं निघून जायची. प्रार्थना शिकवायला बसले की एकाच ओळीवर आठवडा काढायचे. दगडाबाई आणि तिचा नवरा कडूबा या दोघांनी त्यांच्या हातून बाप्तिस्मा घेतला. गावाबाहेर पत्र्याचं एक लहानसं देऊळ उभं राहिलं. आमच्याकडं चर्चला देऊळच म्हणतात. दारात मास्तरांनी कडुलिंबाचं रोप लावलं.

मास्तरांच्या मंडळीत एक रीत होती. भाकरीसाठी परातीत पीठ घेण्याआधी बाईनं एक मूठ बाजूला काढायची आणि चुलीजवळच्या गाडग्यात टाकायची. रविवारी ते गाडगं देवळात न्यायचं, सगळ्यांचं पीठ एका धोतरावर ओतायचं, आणि ज्याची चूल त्या आठवड्यात थंड असेल त्याच्या घरी पोचवायचं. दगडाबाईनं माझ्यातलं मीठ दुसरीकडं काढलं, मला धुऊन उन्हात ठेवलं, आणि मी मुठीचं गाडगं झालो.

आता चतुराबाईचं सांगतो. ही दगडाबाईची जाऊ, कडूबाच्या थोरल्या भावाची बायको. दोन्ही घरांची भिंत एक, शेतातली विहीर एक. धाकट्यानं देव बदलला हे तिच्या जिव्हारी लागलं होतं. घरच्या देवाचा कोप होईल, पाऊस फिरकणार नाही, असं ती गावभर सांगत सुटली. आणि नेमका बहात्तरचा दुष्काळ आला! मग काय, तिचंच खरं झालं. विहिरीच्या तळाला घागरभर पाणी साचायचं, त्यासाठी पाळ्या लागायच्या. एका सकाळी दगडाबाई घागर घेऊन गेली तर पायऱ्यांवर बोरीच्या काटेरी फांद्या टाकलेल्या आणि पलीकडं चतुराबाई कमरेवर हात ठेवून उभी.

"हिरीवर पाय ठिवायचा नाय."

"का? आमची बी हाय हीर."

"देव बदललास ना? मग पाणी बी त्याच्याकडंच माग."

दगडाबाईच्या मांडीवर तेव्हा तान्ही लेक होती, सुवार्ता. कडूबा खडी फोडायच्या दुष्काळी कामावर. पाण्यासाठी दगडाबाई सुखना नदीच्या कोरड्या पात्रात वाळू उकरायची आणि झिऱ्यातलं गढूळ पाणी वाटीवाटीनं भरून आणायची. त्या पाण्यानं लेकीला हगवण लागली. दवाखान्यात न्यायला बैल नव्हते, ते कधीच जनावरांच्या छावणीला गेले होते. कडूबा लेकीला खांद्यावर घेऊन निघाला आणि अर्ध्या रस्त्यातून परत आला. लेकरू वाटेतच गेलं होतं.

मला राग आला होता, अजून येतो. घागरभर पाण्यासाठी! भिंतीला कान लावला तर त्या बाईला पोरीचं कण्हणं ऐकू येत असेल. आलंच असेल. तरी काटे हलले नाहीत.

दगडाबाईनं माझ्यात मूठ टाकणं बंद केलं. देवळात जाणंही बंद. मग एका दुपारी मास्तर आले, सायकल भिंतीला टेकवली आणि उंबऱ्यात बसले. तीच आधी फुटली.

"मास्तर, तुमी सांगताव माफ करा. मला नाय जमत. तिचं तोंड बघितलं की माझ्या अंगाची आग व्हती."

"एका दमात कोण करतंय?" मास्तर म्हणाले. "रोजची एक मूठ तिच्या नावानं टाक. तेवढंच."

"तिच्या नावानं? तिच्या नावानं राख टाकीन मी!"

"बरं, राख टाक," मास्तर म्हणाले. "पण रोज टाक."

ती खवळली, मास्तरांना चहाही विचारला नाही. पण दुसऱ्या दिवशी भाकरी करायला बसली, चुलीत हात घातला, मूठभर राख उचलली आणि दातओठ खात माझ्यात आदळली. कोमट राख! पिठाची सवय झालेल्या माझ्या तोंडात! मी कुणाला सांगणार? रविवारी ती मला देवळात घेऊन गेली आणि सगळ्या मंडळीसमोर राखेनं भरलेलं गाडगं मास्तरांपुढं ठेवलं. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. मास्तरांनी मला दोन्ही हातांनी उचललं, बाहेर नेलं आणि सगळी राख लिंबाच्या मुळाशी घातली. "पुढच्या रविवारी ये," एवढंच म्हणाले.

ती गेली. पुढच्याही रविवारी राख, त्याच्या पुढच्याही. मूठ टाकताना ती काय पुटपुटायची ते मी सांगत नाही, लेकराबाळांनी वाचायच्या गोष्टी नाहीत त्या. पण जे माझ्या तोंडात बोलायची ते विहिरीवर बोलायची नाही, एवढं खरं.

मग एका सकाळी सरकारनं वाटलेल्या लाल मिलो ज्वारीचं पीठ तिनं परातीत घेतलं, मुठीत भरलं, आणि मूठ माझ्यावर धरून ती नुसती बसून राहिली. चुलीतला जाळ विझत आला. शेवटी तिनं मूठ उघडली. "घे भवाने," म्हणाली. मला नव्हे, चतुराबाईला.

तुम्हाला वाटेल, झालं, बाई सुधारली. कसली सुधारते! दुसऱ्या दिवशी पुन्हा राख. आठवडाभर राख, मग एक दिवस पीठ. पाऊस आला, दुष्काळ गेला, विहीर भरली, काटे निघाले, पण दोघींचं बोलणं बंद ते बंदच. वर्षं गेली. राखेचे दिवस कमी झाले, पिठाचे वाढले, पण लेकीची आठवण निघाली की पुन्हा राख. किती पुढं गेली असं कुणी विचारलं असतं तर मी म्हणालो असतो, अर्धं बोट. त्या अर्ध्या बोटासाठी रोज सकाळी माझ्या तोंडात हात! मला कंटाळा यायचा. तिला येत नव्हता. मास्तर वारले, कडूबा गेला, तरी मूठ चुकली नाही.

त्या अर्ध्या बोटात काय काय होतं तेही सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल गाडगं नुसतं कुरकुरतंय. चतुराबाई समोरून आली तर आधी ही रस्ता बदलायची. मग बदलेनाशी झाली. चतुराबाईचा नवरा अंथरुणाला खिळला तेव्हा शेजारणीच्या हातून हिनं ताक पाठवलं, नाव सांगू नको म्हणून बजावलं. तो वारला तेव्हा अंगणात जाऊन उभी राहिली, रडली नाही, पण उभी राहिली. तोंडातून मात्र एक शब्द नाही.

तोवर शहर आमच्या अंगावर आलं होतं. जिथं बाजरी डोलायची तिथं कंपन्यांची कुंपणं आली. विहीर बुजवून त्यावर गोदाम उभं राहिलं. चतुराबाईच्या पोरांनी वाट्याची जमीन कंपन्यांना दिली आणि शहरात फ्लॅट घेतले. आई गावातच राहिली, दोन खोल्यांत, एकटी. दगडाबाईचा मुलगा रामकिसन कंपनीत लागला. पलीकडच्या आळीत स्लॅबचं घर झालं, गॅस आला. आंघोळीच्या पाण्याची चूल तेवढी परसात राहिली. मला गॅसच्या ओट्यावर जागा नव्हती, तरी दगडाबाईनं मला तिथंच ठेवलं. सुनेचा कुकर माझ्या कुशीला रोज घासायचा.

गुडघे गेले तशी दगडाबाईला एकच धास्ती लागली. सकाळी मूठ टाकताना माझ्याकडं बघून म्हणायची, "हा राग घिऊन मला मातीत जायाचं नाय रे देवा. तिच्या आधी मी गेले तर? माझ्या आधी ती गेली तर?"

रामकिसननं ते ऐकलं. पोरगा वाईट नाही, पण तोही आवा लवकर उकरणाऱ्यातला. पुन्हा पावसानं दडी मारलेली, गावाला टँकर लागलेले. शहरात कुणी पाहुणे उपदेशक आले होते, मोठा मंडप पडला होता. तो आईला म्हणाला, "आई, किती वरसं झाली तुझं हे मूठ मूठ? तिथं एका दिवसात काम व्हतंय. डोळ्यानं बघितलं मी."

गेली. मी घरीच होतो, पण ती परत आल्यावर सगळं घरात सांगितलं गेलं ते मी ऐकलं. मोठमोठे भोंगे, दिवे, गाणी. उपदेशकानं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि ओरडून सांगितलं, राग गेला, आज गेला, आत्ता गेला! लोकांनी टाळ्या वाजवल्या. दगडाबाई तिथं ढसाढसा रडली. हलकं हलकं वाटलं म्हणाली. ते खोटं नव्हतं, मी तिला चांगला ओळखतो. पण झाडाला मोहोर आला आणि हिला वाटलं आंबे उतरवून झाले! घरी आल्या आल्या तिनं मला ओट्यावरून उचललं, आतलं पीठ डब्यात ओतलं आणि जिन्याखाली रंगाच्या डब्यांशेजारी मला पालथं घातलं.

"आता नाय लागायचं हे," म्हणाली.

पालथं! चाळीस वर्षांची मूठ, आणि एका संध्याकाळी मी अडगळ! त्या उपदेशकाला काय, त्याचा मंडप दुसऱ्या गावाला जाणार. उद्या सकाळी हिच्या चुलीपाशी तो बसणार होता का? चतुराबाई समोर आली की हिचा हात धरायला तो येणार होता का? अंधारात फरशीला तोंड लावून मी जेवढा चरफडलो तेवढा कुंभारावरही चरफडलो नव्हतो.

आणि झालं तसंच. आठवडा उलटायच्या आत. टँकर आला, बायका धावल्या. दगडाबाई नळीजवळ पोचली आणि चतुराबाईनं मध्ये हंडा सरकवला. म्हाताऱ्या माणसाला उभं राहवत नाही म्हणून सरकवला असेल, कुणाला माहीत. पण तोंडाला जुनी खोड. म्हणाली, "व्हय गं, टँकर बी तुझाच देव पाठवतो का?"

रोजची मूठ टाकली असती तर हे वाक्य माझ्या पोटात आलं असतं. आता त्याला जागा नव्हती. दगडाबाईच्या हातात पितळी कळशी होती. तिनं ती फिरवली. चतुराबाईचं उजवं मनगट मोडलं, तो आवाज म्हणे टँकरच्या इंजिनातही ऐकू आला.

रामकिसन कंपनीतून धावत आला, चतुराबाईला रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेला. परत आला तेव्हा दगडाबाई परसात भिंतीला पाठ लावून बसली होती.

"पलस्तर घातलंय," तो म्हणाला. "डॉक्टरनं विचारलं, कसं झालं. काकू म्हणाली, पाय घसरला."

"काय म्हणाली?"

"पाय घसरला म्हणाली. तुझं नावच घेतलं नाय."

दगडाबाईचा चेहरा मी जिन्याखालून पाहिला नाही, पण तिचा आवाज ऐकला. असा आवाज मी तिच्या लेकीच्या वेळीही ऐकला नव्हता. "तिनं का नाय घेतलं? घ्यायाचं व्हतं! मला पोलिसात द्यायाचं व्हतं तिनं! आता मी काय करू?" ती रामकिसनवर ओरडली, सुनेवर ओरडली, मंडपवाल्यावर ओरडली, देवावर ओरडली. घसा बसेपर्यंत ओरडली.

मग जिन्याखाली तिचा हात आला. तिनं मला सरळ केलं, पदरानं पुसलं. माझ्या काठाला रंगाचा डबा लागून चीर पडली होती, ती तिनं बोटानं चाचपली आणि तार बांधली. मला वाटलं आता पीठ येईल. पण ती मला घेऊन परसात गेली. न्हाणीच्या चुलीत तिनं हात घातला, राखेची मूठ भरली आणि माझ्यात टाकली.

"पयल्यापासनं," म्हणाली.

त्या क्षणी मला तिचा इतका राग आला आणि इतकी ती आवडली की सांगता येत नाही.

त्याच दिवसापासून तिनं भाकरी न्यायला सुरुवात केली. मोडक्या हातानं चतुराबाई भाकरी थापणार कशी, आणि दुसरं होतं कोण तिला? पोरं फोनवर विचारपूस करत होती. दगडाबाई घरून निघताना मला काखेत घ्यायची. का, ते मला तेव्हा कळलं नाही. वाटेत राग आला तर थुंकायला भांडं जवळ असावं म्हणून असेल.

पहिल्या दिवशी चतुराबाईनं भाकरीकडं पाहिलंच नाही. "इख घातलं असशील."

"घालायाचं असतं तर कवाच घातलं असतं. खा."

"तुझ्या हातचं नाय खायाचं मला."

"माझा बी राग गेला नाय अजून. पण खा."

चतुराबाईनं डाव्या हातानं तुकडा मोडला. रोज हेच. एक शिव्या घालत वाढायची, दुसरी शिव्या घालत खायची. माझ्यात घरून निघताना राख पडायची, कधी परतल्यावर पीठ. देवळात आता नवे पाळक होते, त्यांना राखेचं काही ठाऊक नव्हतं. दगडाबाई त्यांना न विचारता राख लिंबाच्या मुळाशी ओतायची. मास्तरांचं ते रोप आता देवळापेक्षा उंच झालं आहे.

पलस्तर निघायच्या सुमारास एक दिवस चतुराबाई जेवता जेवता थांबली. भाकरी हातात तशीच.

"दगडे, तुझ्या त्या लेकीचं नाव काय ठिवलं व्हतंस?"

दगडाबाईच्या हातातला तांब्या जमिनीवर टेकला.

"सुवार्ता."

"सुवार्ता," चतुराबाईनं नाव तोंडात घोळवून पाहिलं. "मला ऐकू यायचं गं. भिंतीतून. आमचे मालक म्हनायचे, काटे काढलेस तर देव आपलं बी लेकरू नेईल. मी भ्याले. आन् मग कोनत्या तोंडानं काढायाचे?"

दगडाबाई उठली. मला वाटलं, आता कळशी उचलते. ती दारापर्यंत गेली, तिथं चौकटीला धरून उभी राहिली. माफ केलं असं ती म्हणाली नाही. रडली, पण ते मंडपातलं रडणं नव्हतं. ओठ दाबून, चौकटीवर कपाळ टेकून. मग परत आली, मला उचललं आणि चतुराबाईच्या चुलीशेजारी ठेवलं. हो, चतुराबाईकडं अजून चूलच आहे.

"हे ठिवून घे," म्हणाली. "तुझा हात मोडला मी. तुला बी राग असंल. रोज भाकरी करायच्या आधी एक मूठ टाकायची ह्यात, माझ्या नावानं."

चतुराबाईनं मान वर केली. चेहरा अजून ओला, पण जीभ तीच.

"तुझ्या नावानं राख टाकीन मी."

"टाक," दगडाबाई म्हणाली. "पण रोज टाक."

तेव्हापासून मी इथं आहे. काठाला तार, कुशीला जुना डाग, अंगावर नव्या काजळीचा थर. माझ्या वयात गाडग्यानं कुठं शांत पडून राहावं? पण आज सकाळीच चतुराबाईनं डावा हात चुलीत घातला, राखेची मूठ भरली आणि दगडाबाईच्या नावानं तोंड भरून शिवी देत माझ्यात टाकली. गरम होती. माझी चीर सणसणली. रविवारी दगडाबाई येईल, आत डोकावेल, मला काखेत मारेल आणि लिंबाकडं चालू लागेल.

मी दोघींवर संतापलो आहे. पुन्हा तेच, पुन्हा पहिल्यापासून, आणि या दोघींकडं उरलेत किती दिवस? तुम्हाला एकच सांगतो आणि दरडावूनच सांगतो. मला फोडा, विसरा, माझ्यात काय वाट्टेल ते टाका. पण पालथं घालू नका. उद्या सकाळी पुन्हा मूठ यायची आहे.